बोअरचं पाणी अन् तापलेली गाडी

वारंगा फाट्यावर गाडी थांबते ती खिचडी खायला, नाहीतर गरम झाली म्हणून. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडचे रस्ते इथं मिळतात, त्यामुळं मे महिन्यात माझ्या गॅरेजपुढं बॉनेट उघडून ठेवलेली एखादी तरी गाडी असतेच. ड्रायव्हरचं बोलणंही ठरलेलं: “मिस्त्री, पाणी तर सकाळीच टाकलंय.”

तिथंच गोम आहे. पाणी टाकलं ते बोअरचं. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती, ते घरातल्या हीटरच्या कॉइलवर बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, वर गंज वेगळा. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असतं, गंज धरू न देणारी रसायनं असतात. ही रसायनं काही वर्षांत संपतात. रंग चांगला दिसतो म्हणून थांबू नका, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला सगळं कूलंट बदला. मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटरच.

रेडिएटरच्या झाकणाकडं कुणी बघतच नाही. ते कुकरच्या शिट्टीसारखं आत साधारण एक बार दाब धरतं. त्या दाबामुळं निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण १२५ अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो अन् पाणी बाहेर. नवं झाकण घेताना त्यावरचा ०.९ किंवा १.१ हा आकडा जुन्याशी जुळवून घ्या.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. मला ती अजिबात पटत नाही. इंजिन ८०-९० अंशांवर आलं की तो उघडतो अन् पाणी रेडिएटरकडं सोडतो. तो काढला तर इंजिन वेळेत तापत नाही, तेल जास्त पितं. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते अन् गाडी उलट जास्त गरम होते. अडकला असेल तर नवा बसवा.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडायला लागले की सील गेलं समजा. ते भोक एम-सीलनं बुजवून आणणारे महाभागही इथं येतात! होजपाइप गार असताना दाबून बघा; फुगलेला, मऊ पडलेला किंवा चिरलेला असेल तर बदला. फॅन फिरत नसेल तर आधी फ्यूज अन् रिले तपासा.

काटा वर गेला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका, वरून गार पाणीही ओतू नका. हेडला तडा जातो. पाणी पार संपलं तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीही येऊ शकतो, त्याला भुलू नका. तशीच रेटली तर हेड वाकतं, गॅसकेट जातं, ऑइल दुधाळ होतं अन् फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, हेड उतरवावं लागतं.

झाकण, पाइप, कूलंट फेब्रुवारीतच बघून घ्या. तेव्हा मलाही सवड असते.