साष्टीचा किनारा, शिडाच्या होडीतून

अंधेरी-बोरिवलीकडील गृहस्थास "आपण कोठे राहता?" असे विचारले असता तो स्टेशनाचे नाव सांगेल, बेटाचे सांगणार नाही. वस्तुतः वसईची खाडी, ठाण्याची खाडी व पश्चिमसमुद्र यांनी वेढलेली साष्टी हे बेटच होय. आणि तिच्या कुशीस जुहू, मढ, धारावी अशी लहान बेटे होती. (ही धारावी मनोरी-गोराई-उत्तनची, शहरातली सुप्रसिद्ध वस्ती नव्हे.) घरातील मुलांस हे नकाशावर दाखविले, पण पटेना. म्हणून गेल्या वैशाखात लहानथोर मिळून आम्ही अकरा माणसे वेसाव्याहून मचव्याने निघालो.

अशा सफरीचा दिवस पंचांगावरून निवडावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. दशमीस ती साडेसात येते. पुढे सुमारे सहा तास ओहोटी. शिवाय अष्टमीच्या मागेपुढे भांगाची भरती असल्याने पाण्याची ओढ मंद असते. मुलाबाळांसह जाणाऱ्याने पौर्णिमा-अमावास्येचे उधाण टाळलेलेच बरे.

वाऱ्याचेही असेच आहे. रात्री थंडावलेल्या जमिनीवरून सकाळी समुद्राकडे मतलई वारा वाहतो; ऊन चढले की तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. तेव्हा सकाळी ओहोटीबरोबर खाडीबाहेर पडून उत्तरेस जावे, व दुपारी खारा वारा पाठीशी घेऊन भरतीबरोबर परतावे. आमच्या मचव्यास यंत्र होते; हल्ली ते असतेच. खाडीच्या मुखाशी तांडेलाने ते बंद करून शीड उभारले, आणि एकाएकी पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बराच वेळ कोणी बोलेना.

मुखाशीच मढचा किल्ला दिसतो. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी हाती आली, तरी वसईचे युद्ध 1739 पर्यंत का लांबले, असे नातवाने विचारले. मी समुद्राकडे बोट दाखविले. पोर्तुगीजांस ही वाट मोकळी होती. म्हणून मढ, धारावी ही ठाणी घेणे प्राप्त झाले, व त्याच वर्षी वसई पडली. वर्गात हा धडा मी पुष्कळ वर्षे शिकविला, पण इतक्या थोडक्या शब्दांत कधी उरकला नव्हता.

मनोरीपाशी नांगर टाकून दहीपोहे खाल्ले. दीडच्या सुमारास पाणी उतरून चिखल उघडा पडला आणि तिवरांची मुळे दिसू लागली. कालिदासाने रघुवंशाच्या तेराव्या सर्गात सीतेस विमानातून समुद्रकिनारा दाखविला आहे. आमच्या सूनबाईंस मात्र दक्षिणेकडे उंच इमारतींची रांग दिसली, आणि आपले घर त्यांतच कोठेतरी आहे याचे त्यांस हसू आले.

परतताना तांडेलाशी बोलणे निघाले. वय सत्तरीचे. मुलगा यंत्र उत्तम चालवितो, पण शिडास हात लावीत नाही. शिकवायचे कोणास, असे म्हणून म्हातारा सुकाणूकडे वळला. आमच्या धाकट्या नातीने मात्र दोर धरू द्या म्हणून हट्ट धरला, आणि मढ ओलांडीपर्यंत तो तिच्याच हाती होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी ज्येष्ठाची वाट पाहू नये. 1 जूनपासून यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते आणि पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पिण्याचे पाणी घरून न्यावे, व ते अंदाजाच्या दुप्पट न्यावे.