वाळवंटातील मतिऱ्यांचे शेत

दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची सर्व मंडळी इंदुराहून बिकानेरला काकांकडे गेलो होतो. वाळवंट म्हणजे वाळू आणि उंट, एवढीच आमची समजूत. म्हणून काका जेव्हा म्हणाले, "उद्या मतिऱ्यांच्या शेतावर जाऊ," तेव्हा धाकट्या बंडूने विचारले, "वाळूत शेत कसे असेल?"

शेत होते, परंतु आपल्याकडील मळ्याची कल्पना मनात धरून कोणी तेथे जाईल तर फसेल. विहीर नाही, पाट नाही. टेकाडांमधील सखल जागेत बाजरी, मटकी व गवार यांचे मिश्र पीक, आणि त्यातूनच मतिऱ्यांचे वेल पसरलेले. मतिरा म्हणजे भोपळ्याच्या कुळातील, आपल्या कलिंगडाचाच भाऊ. त्या भागात वर्षाकाठी पाऊस जेमतेम २५ सेंटिमीटर. इंदुरात त्याच्या तिपटीहून अधिक. पहिली चांगली सर आली की बी पेरावयाचे आणि पुढचे सारे आभाळावर सोपवावयाचे. त्या वर्षी पावसाने मध्येच पाठ फिरविली होती. बाजरी अर्धी करपली होती, पण मतिरे मात्र वाळूत ठिकठिकाणी लोळत होते!

हे कसे घडते? मतिऱ्याची मुळे वाळूत खोल जातात व दूरवर पसरतात, त्यामुळे वर कोरडे झाले तरी खालची ओल त्यांना सापडते. जमिनीलगत पसरलेल्या वेलाची सावलीही तळच्या वाळूवर पडते. वेलाने असे मिळविलेले पाणी जाड सालीच्या फळात साठते. फळाच्या वजनात दहांपैकी नऊ भाग पाणीच असते. वेल हे काही आपल्यासाठी करीत नाही. तहानलेल्या जनावरांनी फळ खावे आणि बिया दूर न्याव्यात, ही त्याची सोय!

आम्हांला तहान लागली होती. आईने पाणी मागितले, तेव्हा शेतावरील आजीबाईंनी मतिरा फोडून पुढे ठेवला. त्यांच्या कुंडात पावसाचे साठविलेले पाणी होते, पण ते पुढल्या पावसापर्यंत पुरवावयाचे होते. आम्ही मनातून ओशाळलो. इतक्यात बंडूने हौसेने एक कोवळे फळ तोडून आणले. बाबा त्याला रागावणार, तोच आजीबाईंनी ते हातांतून घेऊन टोपलीत टाकले. कोवळ्या फळांची तेथे भाजी करतात. साली शेळ्यांपुढे गेल्या. "खा हवे तेवढे, बिया मात्र येथेच ठेवा," असे त्या म्हणाल्याचे काकांनी आम्हांला मराठीत सांगितले. काही बिया भाजून खावयाच्या, उरलेल्या पुढील पेरणीच्या.

परतताना काकांनी एक कथा सांगितली. इ. स. १६४४ मध्ये बिकानेर आणि नागौर यांच्यात एका मतिऱ्यावरून लढाई जुंपली, असे तिकडे सांगतात. वेल उगवला बिकानेरच्या हद्दीत आणि फळ धरले नागौरच्या हद्दीत! घरी ही गोष्ट ऐकली असती तर आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मात्र कोणीच हसले नाही.

निघतेवेळी आजीबाईंनी बंडूच्या मुठीत आपणहून दहा-बारा बिया ठेवल्या होत्या. येत्या पावसाळ्यात त्या परसात लावावयाच्या आहेत. आमची काळी माती पाणी फार धरून ठेवते; त्यात त्या कुजू नयेत म्हणून बंडू आतापासूनच कुंडीसाठी वाळू जमवीत आहे.