खोपोली लोकलमधला रखमानिनॉव्ह

कर्जतहून खोपोलीची लोकल 15 किलोमीटर कापायला पंचवीसेक मिनिटं घेते. गाडी हलली की मी कानात रशियन संगीतकार रखमानिनॉव्हचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो लावतो. ही पियानो आणि वाद्यवृंदासाठीची 1909 सालची रचना. ख्यालात गवई बंदिश फुलवतो, तेव्हा वेळ कमीजास्त होणारच. इथे तर स्वर न् स्वर छापलेला. तरीही स्वतः रखमानिनॉव्हचं 1939-40 मधलं ध्वनिमुद्रण सुमारे 34 मिनिटांत संपतं, आणि अमेरिकी पियानोवादक व्हॅन क्लायबर्नचं, मे 1958 मध्ये कार्नेगी हॉलमधल्या मैफलीतलं, सुमारे 42 मिनिटं चालतं.

आठ मिनिटं म्हणजे किती? सीडीवर आवाज उतरवताना दर सेकंदाला 44,100 वेळा त्याचं माप घेतात, डावं वेगळं, उजवं वेगळं. क्लायबर्नच्या 42 मिनिटांची अशी मापं होतात 22 कोटी 22 लाख 64 हजार. सेकंदाला एक, न झोपता मोजली तर सात वर्षं जातील. फरकाच्या आठ मिनिटांतच 4 कोटी 23 लाखांहून जास्त मापं. ती मोजायला सोळा महिने.

हा फरक नुसत्या लयीचा नाही. रखमानिनॉव्हने वाजवताना आपल्याच रचनेला कात्री लावली. तेव्हाच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची. शिवाय पहिल्या भागातल्या कडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानो एकटा उरतो ती जागा, त्याने दोन लिहून ठेवल्या. स्वतः तो हलकी, चपळ वाजवतो. क्लायबर्न दुसरी घेतो: दोन्ही हातांत भरगच्च स्वर, एकावर एक चढत जाणारे. मला हीच पटते. तिच्यात पियानो एकटा असूनही वाद्यवृंदाची उणीव भासत नाही.

वेळेचा फरक वर्षांतलाही असतो. पियानोवादक होरोविट्झने हाच कॉन्चेर्टो 1930 मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केला. सप्टेंबर 1978 मध्ये त्याने तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा वाजवला, तेव्हा वाद्यवृंदासमोर आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता उभे होते. मधे 48 वर्षं गेली होती.

पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. कर्जतला रखमानिनॉव्ह लावला असेल, तर खोपोलीच्या फलाटावर उतरताना तिसरा भाग सुरू झालेला असतो. क्लायबर्न असेल, तर अजून दुसराच चालू असतो, आणि मी तो संपेपर्यंत बाकावर बसून राहतो.