काचपेटीतील आफ्रिकी बिऱ्हाड

मत्स्यालय हे दिवाणखान्याचे भूषण होय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. परंतु दुकानात जो जो रंगीत मासा मनास भावेल तो तो आणून एकाच काचपेटीत सोडल्यास भूषणाऐवजी रणांगणच घरी यावयाचे! आफ्रिकेतील ‘सिक्लिड’ जातीच्या माशांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. तेथे रूपाआधी स्वभाव पाहावा लागतो.

हे सुंदर मासे बहुतांशी मलावी व टांगानिका या विशाल सरोवरांतले. तेथील पाणी अल्कधर्मी असते. नायगावकडील पुष्कळ घरांत विंधनविहिरीचे जड पाणी येते. साबणास फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. गृहिणीस नकोसे वाटणारे हे पाणी या पाहुण्यांस बहुधा मानवते. मात्र त्याची एकदा परीक्षा करून घ्यावी. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन घालवूनच ते वापरावे.

आता निवडीचा प्रश्न. तीन फूट लांबीची, सुमारे १५० लिटर पाण्याची पेटी आपण गृहीत धरू. ‘फ्रंटोसा’ लहानपणी मोहक दिसतो, पण पुढे फूटभर वाढतो. त्यास ही जागा पुरणार नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ‘ऑराटस’ आकाराने लहान, पण अतिशय भांडखोर. हे दोन्ही वर्ज्य समजावेत.

उरलेल्यांपैकी तीन जाती आम्हांस योग्य वाटतात. मलावीचा पिवळा ‘लॅबिडोक्रोमिस’ त्यातल्या त्यात शांत. सहा-आठ माशांचा समूह, त्यांत नर थोडे व माद्या अधिक, आणि दगडांच्या भरपूर कपारी असाव्यात. टांगानिकाचा ‘मल्टिफॅसिएटस’ जेमतेम दोन इंचांचा; तो गोगलगाईच्या रिकाम्या शंखात संसार थाटतो. तिसरा ‘ब्रिचार्डी’. याच्या थोरल्या पिल्लांनी धाकट्या भावंडांची राखण करावी, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस कौतुकाचे वाटेल. पण हेच कुटुंब परक्यास थारा देत नाही. म्हणून लहान पेटीत या तिहींपैकी एकच जात ठेवावी.

मासे आणण्यापूर्वी गाळणयंत्र सुरू करून पेटी चार ते सहा आठवडे तयार होऊ द्यावी. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया अल्कधर्मी पाण्यात अधिकच विषारी ठरतो, व त्याचे निवारण करणारे सूक्ष्म जीव वाढण्यास तितका अवधी लागतो. पुढे दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. नांदेडकडील उन्हाळा चाळिशी ओलांडतो. यास्तव पेटी माजघरासारख्या थंड जागी असावी.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पिल्ले फार झाली म्हणून ती गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया, म्हणजे आपल्याकडची ‘चिलापी’, हाही आफ्रिकेचा सिक्लिडच. तो देशभरच्या जलाशयांत पसरला व अनेक ठिकाणी देशी माशांस भारी झाला. जास्तीची पिल्ले दुसऱ्या हौशी मनुष्यास अथवा दुकानदारास द्यावीत. आणि ती कोणास देणार, हे ठरल्यावरच पहिली जोडी विकत घ्यावी.