विश्लेषण : सगळंच घडत असेल, तर ‘शक्यता’ उरते कुठे?

पुण्याहून सुटलेली जिजामाता एक्स्प्रेस लोणावळ्याला थांबते. पुढचा घाट ओळखीचाच. पण मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी! हे जग डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतलं. तिथे १७६१च्या लढाईत विश्वासरावांवरची गोळी हुकते आणि मराठे जिंकतात. या कल्पनेला आधार आहे क्वांटम सिद्धांताचा.

बहुविश्व म्हणजे काय?
अमेरिकेच्या ह्यू एव्हरेट यांनी १९५७मध्ये मांडलेल्या विचारातून ही कल्पना आली. क्वांटम मोजणीत दोन निकाल शक्य असतील, तर दोन्ही घडतात. फक्त वेगवेगळ्या फांद्यांत.

मग अडचण कुठे?
मॅक्स बॉर्न यांच्या १९२६च्या नियमानुसार तरंगाच्या आयामाचा वर्ग म्हणजे शक्यता. दोन निकालांचे आयाम ३ः१ असतील, तर शक्यता ९ः१, म्हणजे ९० आणि १० टक्के. प्रयोगांतही हेच दिसतं. पण दोन्ही फांद्या खऱ्या असतील, तर हे ९० टक्के कशाचे?

यावर उत्तर काय?
समजा, तुम्ही लोणावळा लोकलमध्ये गाढ झोपलात. प्रयोगाचा निकाल ‘अ’ आला तर मित्र तुम्हाला कामशेतला उतरवून बाकावर झोपवतो, ‘ब’ आला तर मळवलीला. जाग आली, डोळे अजून मिटलेलेच. आपण कुठे आहोत? जगात नाणेफेक झालेली नाही, तरी तुमची अनिश्चितता खरी आहे. शक्यता म्हणजे हीच, असं अनेक अभ्यासक मानतात.

आयाम समान असतील, तर कुठल्याही एका फांदीला झुकतं माप द्यायला कारण नाही, म्हणून ५०-५०. आयाम ३ः१ असतील, तर मोठ्या फांदीचे समान भाग करायचे. फांदी फुटताना आयामांच्या वर्गांची बेरीज कायम राहते. त्यामुळे ३ आयामाच्या एका फांदीतून १ आयामाच्या नऊ फांद्या निघतात. एकूण दहा समान फांद्या, त्यांतल्या नऊ ‘अ’च्या. आले ९० टक्के!

वाद मिटला?
नाही. समान आयामाला समान विश्वास का द्यायचा, हा टीकाकारांचा प्रश्न आहे. डेव्हिड डॉइच यांनी १९९९मध्ये पैजेच्या तर्काने उत्तर शोधलं. तेही सर्वांना पटलेलं नाही. प्रश्न किरकोळ नाही. शक्यतेला अर्थच नसेल, तर प्रयोगातले ९०-१०चे आकडे या सिद्धांताचा पुरावा ठरत नाहीत.

गंगाधरपंतांसारखं तिकडे जाता येईल?
कथेत येतं. प्रत्यक्षात वेगळ्या झालेल्या फांद्यांचा एकमेकींवर जवळपास काहीच परिणाम उरत नाही. लोणावळ्याच्या फलाटावर कितीही थांबलात, तरी जिजामाता एक्स्प्रेस येणार नाही.