मालखेडचा खोट्टिग

‘पोन्नियिन सेल्वन’च्या पहिल्या भागात सुरुवातीलाच चोळ युवराज आदित्य करिकालन राष्ट्रकूटांवर तुटून पडतो. करिकालन झालेल्या विक्रमच्या डोळ्यांतली आग पाहून थेटर थरारतं. समोर राष्ट्रकूट राजा खोट्टिग, म्हणजे बाबू अँटनी. लढाई संपते, कथा पुढे सरकते आणि खोट्टिगाला आपण विसरूनही जातो. पण थांबा, हा खोट्टिग होता कुठला? तो आपल्या शेजारचा. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी असलेलं आजचं मालखेड!

मणिरत्नम यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ असा दोन भागांत आला. खर्च ५०० कोटींच्या घरात गेल्याचं सांगितलं गेलं. विक्रम, ऐश्वर्या राय, कार्ती, तृषा, जयम रवी यांपैकी अभिनयात कुणीच कमी पडत नाही. गडबड आहे ती पटकथेत. कल्की कृष्णमूर्तींची मूळ कादंबरी पाच खंडांची. १९५० ते १९५४ या काळात ती ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि तमिळ घराघरांत वाचली गेली. एवढा ऐवज साडेपाच तासांत बसवायचा, तर गाळणं आलंच. तमिळ प्रेक्षक गाळलेलं आठवणीने भरून काढतो. बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादच्या मराठी प्रेक्षकापुढे मात्र नुसती नावं येऊन आदळतात.

नट एखादी गोष्ट कशी घडली ते दाखवू शकतो. ती का घडली, हे पटकथेनेच सांगावं लागतं. दुसऱ्या भागात करिकालन आणि त्याची एकेकाळची प्रेयसी नंदिनी समोरासमोर येतात तो प्रसंग अंगावर येतो, कारण दोघांमागे वर्षानुवर्षांची जखम आहे. खोट्टिगामागे काहीच नाही. त्याला कथेने फक्त ‘शत्रू’ एवढंच काम दिलं आहे.

आणि इतिहासात काय नाही! इ.स. ९४९मध्ये अरक्कोणमजवळच्या तक्कोलमला राष्ट्रकूट कृष्ण तिसरा आणि चोळ यांची गाठ पडली. चोळ युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. हा राजादित्य करिकालनच्या आजोबांचा भाऊ, तर खोट्टिग हा कृष्णाचा भाऊ आणि वारस. म्हणजे पडद्यावरच्या त्या लढाईमागे दोन घराण्यांचं जुनं वैर उभं होतं. ते नीट ठसलं असतं, तर विक्रमच्या डोळ्यांतल्या आगीला कारण मिळालं असतं.

मान्यखेटही काही ऐरंगैरं गाव नव्हतं. वेरूळचं कैलास लेणं कोरवणाऱ्या घराण्याची ही राजधानी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात इथल्या दरबारात ‘कविराजमार्ग’ रचला गेला. आज उपलब्ध असलेला तो कन्नडमधला सर्वांत जुना ग्रंथ. पुष्पदंताने आपलं अपभ्रंश ‘महापुराण’ इथेच लिहिलं. या नगरीवर शेवटचा घाव चोळांनी घातला नाही. ९७२मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने ती लुटली, आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली.

पुढे चालुक्यांनी राजधानी कल्याणीला नेली. हे बिदर जिल्ह्यातलं आपलं बसवकल्याण. चोळांशी वैर मात्र तसंच चालू राहिलं. अकराव्या शतकाच्या मध्याला चोळ राजाधिराजाने कल्याणी जाळली आणि तिथला एक दगडी द्वारपाल उचलून तमिळ देशी नेला. विजयराजेंद्र देवाने (म्हणजे राजाधिराजानेच) कल्याणपुर जाळून हा आणला, असं त्या मूर्तीवर तमिळमध्ये कोरलं आहे. ती मूर्ती आज तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात आहे. राजवाडा मुळात नायकांचा, नंतर मराठा राजे व्यंकोजी यांच्या वंशजांचा. बसवकल्याणचा द्वारपाल आज मराठी राजांच्या वाड्यात उभा!

या वैराला पुढे मिळालेलं वळण तर आणखी अजब आहे. कल्याणीचा सहावा विक्रमादित्य, ज्याच्या पदरी राहून विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, त्याने चोळ वीरराजेंद्राच्या मुलीशी लग्न केलं. त्याच्याच दरबारातल्या बिल्हण कवीने हे काव्यात नोंदवून ठेवलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी रणात गाठ पडली, त्यांच्याशीच सोयरीक झाली. लग्नानेही भांडणं कायमची मिटली नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण असं वळण एखाद्या पटकथाकाराने मनाने रचलं असतं, तर ‘हे काही पटत नाही बुवा’ असं आपणच म्हणालो असतो.