फाइल-सर्व्हरची मंदगती, आभासी यंत्रावरील
एकाच मेनफ्रेम संगणकाची साधने वाटून घेणाऱ्या आभासी यंत्रांपैकी एखादे यंत्र जाळ्यावरून फाइली पुरवीत असता त्याच्या प्रतिसादास होणारा विलंब. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये व्हीएम/३७० प्रणाली जाहीर केल्यानंतर अशी विभागणी रूढ होत गेली. तीत प्रत्येक यंत्रास संपूर्ण संगणक आपलाच असल्याचे भासते. त्यामुळे सर्व्हरच्या स्वतःच्या मोजमापांवरून खरे कारण कळतेच असे नाही.

निदानासाठी मार्गाचा एकेक टप्पा वेगळा तपासतात. स्मृतीत आधीपासून नसलेली मोठी फाइल सर्व्हरवरच वाचून तबकडीचा वेग कळतो. तबकडी वगळून केवळ स्मृतीतून स्मृतीत माहिती पाठविल्यास जाळ्याचा वेग मिळतो. लहान फाइली सुरळीत जाऊन मोठ्या अडखळत असल्यास दोन्ही टोकांकडील पॅकेटची कमाल लांबी (ईथरनेटवर सामान्यतः १,५०० बाइट) जुळते का, ते पाहतात. यानंतर नियंत्रक प्रणालीच्या नोंदींवरून प्रक्रियकाचा मिळालेला वाटा व स्मृतिपृष्ठांची अदलाबदल तपासतात.

सर्व्हरला गरजेपेक्षा अधिक स्मृती दिल्यास तो ती वाचलेल्या फाइलींच्या प्रतींनी भरून टाकतो. एकूण स्मृती अपुरी पडली, की नियंत्रकास पृष्ठे तबकडीवर हलवावी लागतात. अशा वेळी स्मृती वाढविण्याच्या उपायानेच सर्व्हर अधिक मंदावतो आणि शेजारील यंत्रांवरील कामेही रखडतात. म्हणून एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजमाप घेणे आवश्यक ठरते.